पावसाचे मेगावॉट

नोकरीच्या शेवटच्या कितीतरी वर्षांत पावसाळ्यात मी माझ्या धाकट्या भावाला जवळजवळ रोज फोन करायचे. तो वाशिमजवळ शेती करतो. "पाऊस आहे का रे तिकडे?" एवढंच विचारायचं. त्याला वाटायचं, ताईला सोयाबीनची काळजी. काळजी होतीच, नाही असं नाही. पण फोन करताना माझ्या समोरच्या भिंतीवर अख्ख्या राज्याच्या विजेचा नकाशा असायचा. वऱ्हाडातले कृषिपंप पुढच्या अर्ध्या तासात बंद होणार की चालू राहणार, हे मला जाणून घ्यायचं असायचं.

"आभाळ तं भरून आलं हाय ताई, पन पडन तवा खरं," तो म्हणायचा.

हवामान खात्याचा अंदाज, उपग्रहाचं चित्र आणि आमचा भाऊ या तिघांपैकी कुणाचं ऐकायचं, हा माझा रोजचा प्रश्न होता. कारण चुकलं तर ते मेगावॉटमध्ये चुकायचं.

मी १९८६ साली वीज मंडळात लागले, २०२१ साली निवृत्त झाले. सुरुवातीची वर्षं विदर्भातल्या एका औष्णिक केंद्रात गेली, नंतरची भारप्रेषण केंद्रात. भारप्रेषण हा कागदावरचा शब्द. तिथं काम करणारे सगळे 'लोड डिस्पॅच' म्हणतात. काम सांगायला सोपं आहे. वीज गव्हासारखी कोठीत भरून ठेवता येत नाही. या क्षणी राज्यात जितकी वापरली जातेय, तितकीच या क्षणी तयार व्हायला हवी. पिठाच्या गिरणीत एकदम पायलीभर दाणे ओतले की पट्टा कण्हतो आणि जातं मंदावतं ना, तसंच आहे हे. मागणी वाढली की देशभरातली जनित्रं किंचित मंदावतात, मागणी पडली की उधळतात. त्यांचा वेग कळतो फ्रिक्वेन्सीवरून. ती ५० हर्ट्झ हवी, ४९.९० ते ५०.०५ एवढाच काय तो पट्टा. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्यात कोणत्या संचानं किती वीज द्यायची ते आदल्या दिवशी ठरवायचं. मग दुसऱ्या दिवशी आभाळानं त्याची वाट लावायची.

महाराष्ट्रात ते हमखास होतं, कारण इथं विजेचा मोठा हिस्सा विहिरीतून पाणी उपसतो. अकोल्यापासून सांगलीपर्यंत दुपारी पाऊस लागला की शेतकरी मोटर बंद करतो, घरातला कूलर बंद होतो, दुकानातला पंखा एकवर येतो. काही तासांत काही हजार मेगावॉटची मागणी पडद्यावरून गळून जाते. कोयना जलविद्युत प्रकल्पाचे सगळे टप्पे मिळून १,९६० मेगावॉट होतात, हे लक्षात घेतलं तर ती घसरण केवढी ते कळेल. अशा वेळी कोळशाच्या संचांना खाली यायला सांगायचं. तेही एका मर्यादेपर्यंतच, कारण बॉयलर हा काही गॅसची शेगडी नव्हे. मिनिटाला टक्काभर उतरतो, तितकाच हळू चढतो. पूर्ण विझवला तर थंड बॉयलर पुन्हा पेटवून वीज मिळेपर्यंत दिवस जातो.

एका ऑगस्टमध्ये माझी चांगलीच फजिती झाली. उपग्रहाच्या चित्रात मराठवाड्यावर ढगांची जाड गादी दिसत होती. भावाला फोन केला, तो लागला नाही. मी मनाशी म्हटलं, हा पाऊस नक्की. आणि औष्णिक संच उतरवायला सांगितले. ढग आले, सावली धरली, चार थेंब टाकले आणि निघून गेले तेलंगणाच्या दिशेनं. पंप चालूच. तासाभरात आम्ही ग्रिडमधून आपल्या वाट्यापेक्षा सहाशे मेगावॉट जास्त ओढत होतो आणि फोन खणखणायला लागले. उतरवलेले संच आता मिनिटाला टक्क्यानं चढणार. शेवटी पोफळीला फोन लावला आणि कोयनेचे संच मागितले. तिथं पाण्याचं तोंड उघडलं की काही मिनिटांत अडीचशे मेगावॉटचा संच पूर्ण ताकदीनं उभा राहतो. निभावलं. शिफ्ट संपताना आमचे साहेब फळ्यावरचा आकडा बघून एवढंच म्हणाले, "बाई, आज बरंच पाणी सांडलंत."

तो फळ्यावरचा आकडा म्हणजे कोयनेची शिल्लक. तिच्याकडे येतेच, पण आधी माझ्या शेजारणीचं निस्तरते.

निवृत्तीनंतर मी डोंबिवलीत राहते. दरवर्षी जूनच्या पहिल्या सरीला समोरच्या काकू दारात येतात. "दोन थेंब पडले की लाइट जाते. जुलैत धो धो कोसळतो तेव्हा जात नाही, मग आत्ताच काय होतं तुमच्या खात्याला?" प्रश्न अगदी बिनतोड आहे. इतक्या नेमकेपणानं तो मला नोकरीतही कुणी विचारला नव्हता.

माझ्या टीव्हीच्या कपाटावर चिनीमातीचा एक तपकिरी इन्सुलेटर आहे, छत्रीवर छत्री ठेवावी तसा. मी तो काकूंच्या हातात देते. विजेची तार लोखंडी खांबाला लागू नये म्हणून मध्ये हा बसवतात. छत्र्या अशासाठी, की वरून पाऊस पडला तरी प्रत्येक छत्रीची खालची बाजू कोरडी राहावी आणि विजेला खांबापर्यंत ओली वाट मिळू नये. आता फेब्रुवारीपासून मेपर्यंत काय होतं बघा. रस्त्याची धूळ, वीटभट्टीची काजळी, किनाऱ्याकडे खारं वारं, सगळ्याचा थर यावर बसतो. कोरडा असेपर्यंत तो निरुपद्रवी. पहिली भुरभुर आली की त्याचा चिखल होतो, आणि क्षार मिसळलेला चिखल वीज वाहून नेतो. अंधारात लक्ष दिलंत तर तडतड ऐकू येते, निळी ठिणगी इकडून तिकडे सरपटताना दिसते. एका क्षणी ती खांबापर्यंत पोचते आणि उपकेंद्रातला ब्रेकर फीडर बंद करतो. मुसळधार पाऊस हाच इन्सुलेटर धुऊन लख्ख करतो, म्हणून जुलैत काकूंचा टीव्ही चालू राहतो. शिवाय दिवसभर उन्हात तापलेल्या चिनीमातीवर एकदम गार पाणी पडलं की तिला केसासारखी चीर जाते. माझ्याकडच्या नगाला आहे ती. बोटाला लागते, डोळ्याला दिसत नाही.

आता दहा-पंधरा किलोमीटरच्या लाइनवर चीर गेलेला नेमका तो एक इन्सुलेटर रात्री, पावसात, टॉर्च घेऊन शोधायचा. लाइनमन अर्धी लाइन स्विचनं तोडतो, उरलेली चार्ज करून बघतो. टिकली तर दोष पलीकडच्या अर्ध्यात. मग त्या अर्ध्याचं अर्धं. असं करत करत तो एका खांबाशी येऊन थांबतो. तोवर काकूंनी तक्रारीच्या नंबरवर सात फोन केलेले असतात.

वादळाची गोष्ट वेगळी. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा इन्सुलेटर शोधायचा प्रश्नच नव्हता. खांबच आडवे झाले होते. गावंच्या गावं दिवसेंदिवस अंधारात राहिली. नारळ-सुपारीच्या बागांमधून पडलेली झाडं कापत कापत लाइन पुन्हा उभी करावी लागली, आणि तीही करोनाच्या दिवसांत.

ऊन मात्र असा गाजावाजा करत नाही. अकोला-चंद्रपूरला पारा पंचेचाळीसच्या वर गेला की विजेची सगळी साखळीच थोडी थोडी मान टाकते. तापलेली तार लांबते आणि दोन मनोऱ्यांमध्ये खाली झोळते, म्हणून तिच्यातून नेहमीइतका भार नेता येत नाही. औष्णिक केंद्रात टर्बाइनमधून निघालेली वाफ थंड करायची असते. थंड करणारं पाणीच कोमट असलं की त्याच कोळशातून वीज कमी निघते. रोहित्राच्या आतलं तेल उकळल्यासारखं होतं. विदर्भात उपकेंद्रातल्या रोहित्रासमोर कूलर लावलेले मी पाहिलेत. लोक हसतात, पण त्यात हसण्यासारखं काही नाही. पूर्वी रात्र गार असायची, तेवढ्या वेळात रोहित्र निवायचं. आता रात्रीही घराघरांतले कूलर चालूच असतात, मग ते निवणार कधी? उन्हाळा मागतो जास्त आणि देतो कमी, असा हा व्यवहार आहे.

२०२२चा मार्च महिना देशात १२२ वर्षांतला सर्वात उष्ण मार्च ठरला. मी घरी बसून बातम्या बघत होते आणि पुढे काय होणार ते दिसत होतं. एप्रिलमध्ये कोळशाच्या मालगाड्यांना वाट करून देण्यासाठी रेल्वेनं प्रवासी गाड्या रद्द केल्या. एखाद्याची लग्नाला जायची गाडी रद्द झाली, ती मार्चमधल्या उन्हामुळे, हे त्याला कुणी सांगितलं असेल असं वाटत नाही. त्याच्या सहा महिने आधी, ऑक्टोबर २०२१ मध्ये, उलटं झालं होतं. सप्टेंबरच्या पावसानं खाणींत पाणी भरलं आणि देशातल्या वीज केंद्रांकडचा कोळशाचा साठा सरासरी चार दिवसांवर आला.

कोळसा पोचला म्हणजे भागलं असंही नाही. ओला कोळसा मी जवळून पाहिलाय. तो शेणासारखा लिबलिबीत होतो, बंकरच्या तोंडाशी अडकून बसतो. वर टनावारी माल पडलाय आणि खाली गिरणी उपाशी. मग कामगार बाहेरून पत्र्यावर घण घालतात. रात्रभर तो धाडधाड आवाज. आत गेलेल्या कोळशाची निम्मी धग आधी त्याच्यातलं पाणी वाळवण्यातच जातेय असं वाटायचं, आणि आग टिकवायला महागडं तेल ओतावं लागायचं. नवखी असताना मला पावसाळ्यातली ती नाइट शिफ्ट शिक्षा वाटायची.

आणि पाऊसच नसला तर? २०१३च्या फेब्रुवारीत परळीचं औष्णिक केंद्र पाण्याअभावी बंद करावं लागलं. कोळसा होता, माणसं होती, विकत घेणारे होते. खडका बंधाऱ्यात पाणी नव्हतं. एक युनिट वीज तयार करायला औष्णिक केंद्राला साधारण तीन-साडेतीन लिटर पाणी लागतं. माणसांनाच टँकरनं पाणी द्यायची वेळ आली, की बॉयलरचा नंबर शेवटचा, आणि तो तसाच असायला हवा. नागपूरजवळची केंद्रं आता शहराचं सांडपाणी शुद्ध करून वापरतात, हे शहाणपण मला फार मोलाचं वाटतं. त्याची बातमी कधी पहिल्या पानावर येत नाही, एवढंच.

आभाळाचा फटका राज्याच्या हद्दी मानत नाही. जुलै २०१२ मध्ये उत्तर भारतात पावसानं ओढ दिली. भातखाचरांवरचे पंप आणि शहरांतले एसी एकाच वेळी चालत होते. पश्चिमेकडे वीज शिल्लक होती आणि ती मोजक्या लाइनींवरून उत्तरेकडे धावत होती. ३० जुलैच्या पहाटे बिना-ग्वाल्हेर ही भारानं वाकलेली लाइन सुटली आणि उत्तर भारत अंधारात गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी तेच पुन्हा झालं, या वेळी पूर्व आणि ईशान्य भारतासकट. साठ कोटींच्या आसपास लोकांची वीज गेली. आपला पश्चिम विभाग उभा राहिला. यंत्रणेत दोष होते, राज्यांची बेशिस्त होती, चौकशीत ते सगळं आलं. पण त्या लाइनवर एवढा भार आला कशानं, हे विचारत मागे गेलं की आपण पंजाबच्या कोरड्या शेतापर्यंत पोचतो.

मी नोकरीला लागले तेव्हा आभाळ मुख्यतः मागणी हलवायचं. कोळसा आणि पाणी असेपर्यंत वीज निर्मिती आमच्या हुकमात होती. आता निर्मितीसुद्धा आभाळाच्या हातात चालली आहे, आणि इथंच खरा बदल झालाय.

पवनचक्क्यांचं थोडक्यात सांगते. साताऱ्याच्या चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारावर किंवा धुळ्याच्या साक्रीत त्या जून ते ऑगस्टमध्ये जोरात फिरतात, म्हणजे नेमक्या आपल्याला वीज कमी लागते तेव्हा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली ताकद आठपट होते. म्हणून वेगाच्या अंदाजात थोडी चूक झाली तरी मेगावॉटमध्ये ती मोठी होऊन दिसते.

सौरऊर्जेबद्दल लोकांचा एक पक्का गैरसमज आहे, की जितकं कडक ऊन तितकी जास्त वीज. पॅनेलला हवा असतो प्रकाश, उष्णता नको असते. त्याची क्षमता २५ अंशांना मोजलेली असते आणि त्यावर प्रत्येक अंशाला साधारण ०.४ टक्के उत्पादन घटतं. मे महिन्याच्या दुपारी पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापलं, की सोळा टक्के तिथंच गेले. फेब्रुवारीचं स्वच्छ, गार ऊन त्याला जास्त मानवतं.

पण खरी गंमत ढगाची आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात १६ हजार मेगावॉटचं लक्ष्य ठेवून शेतीला दिवसा वीज द्यायचं काम चाललंय. ते व्हायलाच हवं. रात्री दोनला मोटर चालू करायला जाऊन साप चावलेल्या माणसांची गावं मला माहीत आहेत. पण यामुळे पंप आणि त्यांची वीज दोन्ही एकाच आभाळाखाली आले. ढग आला आणि बरसला, तर पॅनेलची वीज घटते आणि पंपही बंद होतात. दोन्ही पारडी एकदम खाली, आम्ही निवांत. ढग आला आणि बरसलाच नाही, तर वीज घटते आणि पंप मात्र चालूच राहतात. त्या ऑगस्टमध्ये माझी फजिती करणारे कोरडे ढग आता दोन्ही बाजूंनी मारतात. २०२३चा ऑगस्ट १९०१पासूनचा सर्वात कोरडा ऑगस्ट निघाला, सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी पावसाचा. पुढच्या महिन्यात देशाची मागणी २ लाख ४३ हजार मेगावॉटवर गेली. सप्टेंबरमध्ये! आमच्या काळी सप्टेंबर म्हणजे यंत्रांच्या देखभालीचा, हक्काच्या रजेचा महिना.

शिवाय रोजची संध्याकाळ आहेच. साडेसहाला सूर्य मावळतो, सौर वीज शून्यावर येते आणि त्याच तासात घराघरांत दिवे लागतात. ती दरी भरायला लगेच उठणारं कुणीतरी हवं. घाटघरला पाणी वर चढवून ठेवायची २५० मेगावॉटची सोय आहे, बॅटऱ्याही येताहेत. पण आमच्या हाताला सवय कोयनेची.

आणि कोयनेचं पासबुक आहे. धरणाचा शिवसागर जलाशय भरला की त्यात १०५.२५ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, पाणी मावतं. पण सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला, पोफळीकडे वीजनिर्मितीसाठी वर्षाला ६७.५ टीएमसीच नेता येतं. कृष्णा पाणीवाटप लवादानं घातलेली ही मर्यादा. एका टीएमसीतून सगळे टप्पे धरून ढोबळमानानं चार कोटी युनिट निघतात. हिशेबाचं वर्ष १ जूनला सुरू होतं. तेव्हापासून आम्ही रोज सकाळी कोयनानगर, नवजा आणि महाबळेश्वर इथला पाऊस विचारायचो, जसं घरात आजारी माणसाचा ताप विचारतात.

पाऊस कमी झाला की सांगलीकडून मागणी येते, पाणी पूर्वेला नदीत सोडा. बरोबरच आहे, पाणी कृष्णेच्या खोऱ्यातलं. पण ते टेंभू, ताकारी, म्हैसाळच्या योजनांतून शेतापर्यंत उचलायलाही वीजच लागते. म्हणजे पाणी पश्चिमेला गेलं तर वीज मिळणार, पूर्वेला गेलं तर वीज लागणार. आणि पाऊस अति झाला की? जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस झाला, वाशिष्ठीनं चिपळूण बुडवलं. कोयनेचं अवजल, म्हणजे वीज करून सुटलेलं पाणी, त्याच वाशिष्ठीत जातं. अशा दिवशी धरण भरलेलं असतं, वीज कुणाला नको असते आणि सहा वक्री दरवाज्यांतून पाणी आवाज करत निघून जातं. मे महिन्यात ज्या पाण्याचा एकेक टीएमसी आम्ही जपलेला असतो, तेच पाणी.

नोकरीतली माझी शेवटची ३१ मे रात्रपाळीत गेली. कोयनेच्या शिलकीचा आकडा बाराच्या ठोक्याला पुसून ६७.५ लिहायचा, हा आमचा रिवाज. मी तो लिहिला. धरणात तेवढं पाणी नव्हतंच, ते अजून अरबी समुद्रावर कुठंतरी होतं.

भावानं दोन वर्षांपूर्वी सौरपंप बसवला. आता फोन तो करतो. गेल्या ऑगस्टमध्ये सकाळी नऊलाच आला.

"ताई, तीन दिवस झाले, नुसतं आभाळ हाय. पाऊस नाई आन मोटरबी नीट चालत नाई. तुह्या त्या चित्रात काई दिसते का?"

मी मोबाइलवर उपग्रहाचं चित्र उघडलं. वऱ्हाडावर ढगांची जाड गादी होती.

"ढग तर खूप आहेत रे," मी म्हटलं.

"ते तं मलेबी दिसते," तो म्हणाला.